शीतकक्षाची मागणी : ‘टन’ या शब्दाचा विचार आणि रत्नागिरीची हवा

रत्नागिरी व तिच्या आसपासच्या बंदरपट्टीत एखाद्या मासळी-व्यापाऱ्याने अथवा आंबा-बागायतदाराने शीतकक्ष उभारावयाचे ठरविले, म्हणजे त्याच्या मागणीचा आरंभ बहुधा एका वाक्याने होतो : ‘पाच टनांची थंड खोली पाहिजे.’ वाक्य सुबोध आहे. व्याकरणदृष्ट्या त्यात काही उणे नाही. तथापि या वाक्याचे निदान तीन अर्थ संभवतात, आणि त्या अर्थांना लागणाऱ्या यंत्रांच्या शक्तीत एकास दहा इतके अंतर पडू शकते. ग्राहकाच्या मनात एक अर्थ असतो, विक्रेता दुसरा घेतो. आणि या दोन अर्थांमधील अंतराचे मोल पुढे पंधरा-वीस वर्षे विजेच्या बिलातून चुकते होत राहते. ऊर्जेची काटकसर हा विषय सामान्यतः यंत्राच्या गुणवत्तेशी जोडला जातो. ते चुकीचे नाही. परंतु यंत्र येण्यापूर्वी मागणीपत्र येते, आणि वीज किती जळावयाची याचा बराचसा निर्णय त्या कागदावरच होऊन गेलेला असतो.

शीतकक्ष म्हणजे माणसाला चालत आत जाता येईल अशी थंड राखलेली खोली. तिचे दोन प्रकार प्रसिद्ध आहेत : गोठणबिंदूच्या वर चालणारी, जिला बाजारात कूलर अथवा कोल्ड रूम म्हणतात, आणि गोठणबिंदूच्या बरीच खाली, साधारणतः उणे १८ अंश सेल्सिअसवर चालणारी, म्हणजे फ्रीझर. उष्णतारोधक फेसाने भरलेली पत्र्याची पॅनेले जोडून खोली उभी करतात. आत पंखे लावलेली कॉइल, बाहेर कॉम्प्रेसर व कंडेन्सर. या यंत्रणेचे कार्य ‘थंडी निर्माण करणे’ असे सांगण्याचा प्रघात आहे. वस्तुतः ती आतील उष्णता उचलून बाहेर टाकते. म्हणून किती माल ठेवावयाचा हा यंत्रनिवडीतील पहिला प्रश्न नव्हे. किती उष्णता, किती वेळात बाहेर काढावयाची, हा पहिला प्रश्न होय.

आता ‘टन’ या शब्दाकडे वळू. मालाचा टन म्हणजे १००० किलोग्रॅम. बागायतदार बोलतो तो हा. बर्फाच्या कारखान्याचा टन म्हणजे चोवीस तासांत तयार होणाऱ्या बर्फाचे वजन. मिरकरवाडा बंदरावर लाद्यांचा हिशेब ज्याच्या कानावरून जातो, त्याच्या मनात हा अर्थ सहज येतो. तिसरा टन प्रशीतनाचा. तो वजनाचा टन नसून उष्णता काढण्याच्या वेगाचे माप आहे. शून्य अंशावरील २००० पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जितकी उष्णता शोषून घेतो, तितकी उष्णता तेवढ्याच वेळात काढणारे यंत्र एक टनाचे. आधुनिक मापात हे ३.५१७ किलोवॉट होतात.

वेगाचे माप वजनाच्या नावाने का ओळखले जावे, याचे उत्तर बर्फाच्या व्यापारात आहे. यंत्रे येण्यापूर्वी थंडी वजनानेच विकली जात असे. बोस्टनचा व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर याने १८३३ मध्ये ‘टस्कनी’ नावाच्या जहाजातून तळ्यांतील गोठलेला बर्फ कलकत्त्याला पाठविला. निघताना १८० टन असलेल्या बर्फापैकी सुमारे १०० टन चार महिन्यांच्या प्रवासानंतर बंदरात उतरला. पुढच्याच वर्षी असा बर्फ मुंबईस पोहोचला. मागाहून यंत्रे आली तेव्हा ‘या यंत्राने किती टन बर्फाचे काम होते?’ असा प्रश्न विचारणे स्वाभाविक होते, आणि त्या प्रश्नातील टन यंत्राला कायमचा चिकटला. विषुववृत्त दोनदा ओलांडूनही निम्म्याहून अधिक बर्फ टिकला तो कोणत्याही यंत्राने नव्हे, लाकडाच्या भुशाने, हेही येथे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. भुशाचा हा धडा पुढे भिंतींच्या विचारात उपयोगी पडेल.

तीन टन एकमेकांपासून किती दूर आहेत हे एका उदाहरणाने पाहता येते. ४ मीटर लांब, ३ मीटर रुंद व २.५ मीटर उंच अशी खोली कल्पिली, तर तिचे घनफळ ३० घनमीटर होते व तीत क्रेट रचून पाच टन हापूस आंबा राहू शकतो. हापूस १३ अंशांच्या आसपास ठेवावा लागतो. त्याहून फार खाली नेल्यास साल काळवंडते व फळ नीट पिकत नाही. बाहेरची हवा ३२ अंशांची व ७५ टक्के आर्द्रतेची धरू. उष्णताही विजेप्रमाणेच युनिटांत, म्हणजे किलोवॉट-तासांत, मोजली असता हिशेब सोपा होतो. पॅनेलातील फेस १०० मिलिमीटर जाडीचा पॉलियुरेथेन असेल, तर भिंती, छत व जमीन यांतून दिवसाकाठी सुमारे ६ युनिट उष्णता आत झिरपते. रोज एक टन नवा आंबा ३० अंशांवर येतो असे मानल्यास त्याला १३ अंशांवर आणण्यासाठी साडेसतरा युनिट काढावी लागतात. दाराच्या उघडझापीने दिवसभरात खोलीतील हवा पंधरा वेळा बदलली, तर सुमारे ८ युनिट; पंखे, दिवे व माणसे यांची पाच-साडेपाच.

याखेरीज आंबा स्वतःच उष्णता देतो. कोकणात ज्याने अढी घातली आहे त्याला हे सांगावयास नको. पेंढ्यात हात घातला की ऊब लागते. फळ झाडावरून उतरले तरी त्याचे श्वसन चालू असते, आणि १३ अंशांवरही टनामागे साधारण १०० वॉट उष्णता बाहेर पडते. पाच टनांच्या खोलीत म्हणजे अर्ध्या किलोवॉटची शेगडी रात्रंदिवस पेटलेली आहे असे समजावे. तिची दिवसाची उष्णता १२ युनिट, म्हणजे भिंतींतून येणाऱ्या उष्णतेच्या दुप्पट.

एकूण बेरीज ४९ युनिटांच्या आसपास जाते. यंत्र दिवसाचे सोळा तास चालावे व उरलेला वेळ विसावा आणि राखीव म्हणून सोडावा असा शिरस्ता आहे. त्या हिशेबाने लागणारी शक्ती ३ किलोवॉटहून किंचित अधिक, म्हणजे प्रशीतनाचा एक टनही नव्हे. पाचही टन आंबा एकाच दिवशी आत घातला तरी ही गरज दोन टनांच्या थोडी पुढे जाते, पाचांवर नाही. ‘पाच टनांची खोली’ हे शब्द ऐकून पाच टनांचे यंत्र बसविले गेले, तर ते दिवसाचे काम जेमतेम तीन तासांत उरकील व उरलेल्या वेळेत पुनःपुन्हा काही मिनिटे चालू होऊन बंद पडत राहील. मोठे यंत्र म्हणजे खात्रीचे यंत्र ही समजूत येथे सर्वस्वी फसवी ठरते : किंमत अधिक, सुरू होतानाचा विजेचा झटका अधिक, तापमानाचे हेलकावे अधिक, आणि झीजही अधिक.

याच्या उलट चूक मासळीच्या बाबतीत होते, आणि ती अधिक महाग पडते. ‘फ्रीझर’ या एका शब्दाखाली व्यापारात दोन भिन्न क्रिया दडलेल्या आहेत. मराठी क्रियापदाचे रूप मात्र त्या स्वच्छ वेगळ्या दाखविते : ‘गोठलेली मासळी ठेवणे’ आणि ‘मासळी गोठविणे’. पहिल्यात गोठणे ही पूर्ण झालेली क्रिया आहे. दुसऱ्यात ती यंत्राने घडवून आणावयाची आहे. प्रयोजक प्रत्ययाची ही एवढीशी भर यंत्राच्या भाषेत किती होते ते पाहण्यासारखे आहे. वरच्याच मापाच्या खोलीत, भिंती १३० मिलिमीटरच्या करून, आधीच गोठलेली पाच टन सुरमई किंवा कोळंबी उणे १८ अंशांवर नुसती राखावयाची असेल, तर प्रशीतनाचा एक टन पुरून उरतो. तीच पाच टन मासळी ३० अंशांवर आणून चोवीस तासांत उणे १८ पर्यंत न्यावयाची असेल, तर किलोमागे सुमारे ३९५ किलोज्यूल काढावे लागतात. त्यांतील मोठा वाटा तापमान उतरविण्याचा नसून मासळीतील पाण्याचा बर्फ करण्याचा असतो. सोळा तास चालणाऱ्या यंत्राला यासाठी एकट्या मालापायीच दहा टनांच्या घरात शक्ती हवी.

राखण्याच्या खोलीत गोठविण्याचे काम करू गेल्यास काय होते? यंत्र अहोरात्र चालते, वीज खाते आणि मासळी हळूहळू गोठते. शून्य ते उणे ५ अंश या पट्ट्यात ती जितकी रेंगाळेल तितके बर्फाचे स्फटिक मोठे होतात, पेशी फुटतात व पुढे वितळताना पाणी सुटून मांस पोकळ पडते. आधीपासून आत असलेला मालही नव्या मालाची उष्णता घेऊन निर्धारित तापमानाच्या वर चढतो. म्हणून गोठविण्यासाठी उणे ३५ ते उणे ४० अंशांचा जोराचा वारा देणारी स्वतंत्र यंत्रणा लागते. ती मागावयाची की नाही, हे मागणीपत्रात क्रियापदानेच सांगितले पाहिजे. ‘फ्रीझर’ या नामाने ते सांगितले जात नाही.

ताज्या मासळीच्या कूलरचा प्रश्न आणखी निराळा. बंदरावरून पापलेट अथवा बांगडा बर्फात घालून आला, तर त्याची उष्णता बर्फाने आधीच घेतलेली असते. एक किलो मासळी ३० अंशांवरून शून्यावर आणण्यास सुमारे १०८ किलोज्यूल, तर एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषतो; म्हणजे गणिताने किलोला तिसरा हिस्सा बर्फ पुरेसा. आपल्या हवेत वाटेवरच बर्फ गळत असल्याने व्यवहारात मासळीइतकाच बर्फ घालावा असा सल्ला दिला जातो. मासळी अशी बर्फात येणार असेल तर शीतकक्षाला केवळ तो बर्फ टिकविण्याचे काम उरते, व यंत्र बरेच लहान चालते. बर्फाशिवाय येणार असेल तर नाही. मागणीपत्रात या एका तपशिलाला एक ओळ पुरते.

टनाचा आणखी एक उपभेद उरतो. कॉम्प्रेसरची शक्ती अमुक टन असे म्हटले, तरी ती कोणत्या तापमानांच्या दरम्यान, हे सांगितल्याशिवाय विधान अपुरे राहते. उष्णता जितक्या खालून उचलावी आणि जितक्या वर नेऊन टाकावी, तितके श्रम अधिक. आंब्याच्या खोलीत प्रशीतक ७ अंशांवर उकळत असेल व बाहेर ४५ अंशांवर द्रवरूप होत असेल, तर सिद्धान्ततः एका युनिट विजेने सात युनिटांहून अधिक उष्णता उचलता येते. मासळीच्या फ्रीझरमध्ये प्रशीतक उणे २८ अंशांवर उकळतो; तेथे ही मर्यादा तीनांच्या थोडी वर येऊन थांबते. प्रत्यक्षात दोन्हीकडे याच्या निम्म्याच्या आसपासच पदरात पडते. वातानुकूलनासाठी मोजलेला टन फ्रीझरच्या मागणीपत्रात तसाच उतरविला, तर कागदावर पुरे पडणारे यंत्र खोलीत निम्मेही काम करीत नाही. ‘एवढे टन’ यापुढे ‘या बाष्पीभवन-तापमानाला व या द्रवीभवन-तापमानाला’ ही शेपटी जोडली गेलीच पाहिजे.

येथपर्यंतचा विचार कोठल्याही गावी लागू पडेल. रत्नागिरीचा विशेष आहे तो तिच्या हवेत. ३२ अंश हे तापमान काही भयंकर नव्हे. देशावर उन्हाळ्यात पारा याहून पुष्कळ वर जातो. परंतु ३२ अंशांची व ७५ टक्के आर्द्रतेची एक घनमीटर हवा सुमारे २५ ग्रॅम पाणी बाष्परूपाने वाहून आणते. ती १३ अंशांच्या खोलीत शिरली की त्यांतील १६ ग्रॅम कॉइलवर पाणी होऊन उतरते, आणि ते उतरताना आपली सुप्त उष्णता यंत्राच्या पदरात टाकते. हिशेब केला असता दारातून आलेल्या उष्णतेपैकी जवळजवळ दोन तृतीयांश भाग या बाष्पाचा निघतो. त्याच ३२ अंशांची पण २५ टक्के आर्द्रतेची कोरडी हवा आत आली असती, तर दार उघडण्याचा खर्च तीस टक्क्यांवर आला असता. तापमापक दोन्ही ठिकाणी एकच आकडा दाखवितो. वीजमापक दाखवीत नाही. देशावरच्या एखाद्या गावी समाधानकारक चाललेल्या खोलीचे मागणीपत्र जसेच्या तसे उतरवून कोकणात वापरण्यातला धोका तो हाच.

फ्रीझरमध्ये हे बाष्प पाणी न होता हिम होते. ३० घनमीटरच्या खोलीतील हवा एकदा पूर्ण बदलली की सुमारे पाऊण किलो हिम कॉइलवर साचते. हिमाचा थर हा स्वतःच उष्णतारोधक. शिवाय त्याने पात्यांमधील वाट बुजते व पंख्यांचा वारा अडतो. मग तो वितळविण्यासाठी थंड खोलीत विजेच्या तारा तापवाव्या लागतात, आणि त्यांनी दिलेली उष्णता पुन्हा यंत्रानेच बाहेर काढावयाची. एकाच पाण्यासाठी तीनदा पैसे मोजावे लागतात असे म्हटले तरी चालेल. आंब्याच्या खोलीत कॉइल ७ अंशांवर असल्याने तिच्यावर हिम धरतच नाही. तेथे तापणाऱ्या तारा मागविणे हा निव्वळ अपव्यय होय. तरीही एकच तयार नमुना दोन्ही खोल्यांना पुरविण्याची सोय विक्रेत्याच्या दृष्टीने मोठी असते, हे विसरता येत नाही.

यावरील उपाय कोकणी घराला अपरिचित नाही. घरात पाऊल टाकण्यापूर्वी पडवी येते. पावसाचा मारा व बाहेरचा वारा तेथे अडतो. शीतकक्षाची पडवी म्हणजे दाराआधीची लहानशी बंद जागा. फ्रीझर व कूलर दोन्ही हवे असतील तर फ्रीझरचे दार बाहेर न काढता कूलरच्या आतून काढावे. २ अंशांच्या कूलरमधील हवेत बाष्प बाहेरच्या हवेच्या सुमारे सहाव्या हिश्श्याइतकेच असते. कूलरच फ्रीझरची पडवी होतो, आणि यासाठी जादा खर्च जवळपास पडत नाही. आराखड्यात दार कोठे काढावयाचे एवढाच तो प्रश्न असतो. आपोआप मिटणारे दार आणि प्लास्टिकच्या पट्ट्यांचा पडदा यांची योग्यता सर्वमान्य आहे. मात्र हमालाला डोक्यावरच्या क्रेटसह पडदा अडचणीचा होतो व तो पट्ट्या वर बांधून ठेवतो. पडद्याची उंची व दाराची रुंदी ठरविताना ज्याला दिवसातून चाळीस वेळा आत-बाहेर करावयाचे आहे त्याला विचारलेले बरे.

भिंतींच्या बाबतीत मागणीपत्रांत ‘१०० मिलिमीटर पॅनेल’ एवढेच लिहिलेले आढळते. जाडी दिली, पण कशाची? थर्माकोलची उष्णतावाहकता पॉलियुरेथेनच्या दीडपट. १०० मिलिमीटर पॉलियुरेथेनचे काम करण्यास सुमारे १५० मिलिमीटर थर्माकोल लागतो. बाहेरून दोन्हींवर तोच पांढरा पत्रा, आणि पॅनेल उभे राहिल्यावर आत काय आहे हे दिसत नाही. अमेरिकेने २००७ साली केलेल्या ऊर्जा-कायद्यात ३००० चौरस फुटांहून लहान शीतकक्षांसाठी जी बंधने घातली, त्यांची भाषा या संदर्भात अभ्यसनीय आहे. त्या कायद्याने जाडी सांगितलीच नाही. उष्णतेला होणारा रोध सांगितला. कूलरच्या भिंती, छत व दारे यांना त्यांच्या मापात २५, फ्रीझरच्या भिंतींना ३२, फ्रीझरच्या जमिनीला २८. आपल्याकडील पॉलियुरेथेनमध्ये रूपांतर केल्यास भिंतींसाठी हे अनुक्रमे सुमारे १०० व १३० मिलिमीटर होतात. वस्तूचे नाव न घेता तिच्याकडून अपेक्षित कार्याचे नाव घेणे, हा मागणीपत्राच्या भाषेतील मोठाच गुण मानला पाहिजे. मग भुसा भरा की फेस, कसोटी एकच राहते.

घरगुती शीतकपाटाच्या ग्राहकाला ही यातायात करावी लागत नाही. २००२ मध्ये स्थापन झालेल्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २००६ पासून उपकरणांवर तारकांची खूण देण्याची योजना आणली, आणि दोन कपाटांची तुलना कोणालाही करता येऊ लागली. शीतकक्षाची पॅनेले एका कारखान्याची, कॉम्प्रेसर दुसऱ्याचा, कॉइल तिसऱ्याची, व जोडणी करणारा चौथाच. सर्व मिळून किती वीज घेणार याची जबाबदारी कोणाची, हे मागणीपत्राने सांगितले तरच ठरते.

कॉइल व पंखे यांविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे, कारण काटकसरीच्या नावाखाली येथेच सर्वांत अधिक चुका होतात. लहान कॉइल स्वस्त पडते. परंतु तिने तेवढीच उष्णता उचलावी यासाठी ती खोलीच्या हवेपेक्षा बरीच अधिक थंड ठेवावी लागते. त्याचे दोन परिणाम होतात. प्रशीतकाचे तापमान एक अंशाने खाली नेले की वीज अंदाजे दोन ते तीन टक्क्यांनी वाढते. आणि कॉइल जितकी थंड, तितके खोलीतील बाष्प ती ओढून घेते, मग ते बाष्प आंब्याच्या सालीतून येते. फळ सुरकुतते व वजनात घटते. खोली व कॉइल यांत पाच-सहा अंशांचेच अंतर राखणारी मोठी कॉइल मागविली, तर हवेची आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास राहते. मोठा कॉम्प्रेसर व लहान कॉइल ही जोडी बाजारात सहज मिळते; फळाला हवी असते नेमकी उलटी. पंख्यांचे म्हणावे तर १०० वॉटचे दोन पंखे अखंड चालले की दिवसाला ४.८ युनिट वीज घेतात, आणि ती सगळी वीज खोलीतच उष्णता होऊन उरते. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या मोटारी हा आकडा पुष्कळ खाली आणतात. वर उल्लेखिलेल्या अमेरिकन कायद्याने बाष्पीभवन-कॉइलच्या लहान पंख्यांना कार्यक्षम मोटारी सक्तीच्या केल्या त्या याच कारणाने.

कंडेन्सरचा शत्रू येथे खारा वारा. तांब्याच्या नळीवर ॲल्युमिनियमची पाती बसविलेली असतात, आणि खारट ओलाव्यात दोन धातूंच्या सांध्यापाशी ॲल्युमिनियम झपाट्याने खाल्ले जाते. पाती झिजली की उष्णता टाकण्याचे तापमान चढते, आणि त्या प्रत्येक अंशालाही दोन-तीन टक्के वीज मोजावी लागते. संरक्षक लेप दिलेली पाती मागणीपत्रात स्पष्ट मागितली पाहिजेत. पावसापासून राखण्याच्या सद्‌बुद्धीने कंडेन्सर पत्र्याच्या बंद खोपटात ठेवला जातो, तेव्हा मात्र तो आपणच टाकलेली गरम हवा पुन्हा आत घेत राहतो. वर छप्पर व चारी बाजू मोकळ्या, एवढे त्याला पुरते.

वीज जाण्याचा प्रश्न कोकणात गौण मानता येत नाही. जून २०२० मधील ‘निसर्ग’ आणि मे २०२१ मधील ‘तौक्ते’ या चक्रीवादळांनी किनाऱ्यावर ठिकठिकाणी वीजपुरवठा खंडित केला, आणि ‘तौक्ते’ आले ते आंब्याच्या ऐन हंगामात. उदाहरणातल्या खोलीत पाच टन आंबा १३ अंशांवर असताना वीज गेली व दार बंद राहिले, तर माल सुमारे सात तासांत एक अंश तापतो. हा दिलासा मोठा आहे. परंतु तो तापविणाऱ्या उष्णतेपैकी दोन तृतीयांश खुद्द आंब्याचीच असते, भिंती कितीही जाड केल्या तरी ती थांबत नाही. मोठ्या यंत्राने येथे काडीचेही साहाय्य होत नाही. यंत्र लहान असले तर मात्र जनित्रही लहान चालते, व ते परवडते.

प्रशीतकाच्या निवडीचा उल्लेख केवळ एका कारणासाठी केला पाहिजे. आर-२२ हा वायू मॉन्ट्रियल कराराच्या वेळापत्रकानुसार २०३० पर्यंत जवळजवळ पूर्णपणे बाद व्हावयाचा आहे. आर-४०४ए ओझोनला निरुपद्रवी, पण त्याची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे ३९०० पट, आणि २०१६ च्या किगाली दुरुस्तीचा रोख अशाच वायूंवर आहे. आज घेतलेले यंत्र पंधरा वर्षे चालावयाचे असेल, तर त्याचा वायू पंधरा वर्षे मिळेल काय, हा प्रश्न विक्रेत्याला आजच विचारावा लागतो.

राहता राहिली ती मागणीपत्राच्या अखेरच्या कलमाची गोष्ट, म्हणजे खोली ताब्यात घेतानाच्या चाचणीची. ‘१३ अंश तापमान मिळाले पाहिजे’ हे कलम बहुतेक सर्व मागणीपत्रांत असते, पण १३ अंश कशाचे? दारावरच्या पाटीतला आकडा कॉइलजवळच्या हवेचा असतो. रिकाम्या खोलीत तो तासाभरात उतरतो आणि सर्वांचे समाधान होते. मागावयाचे ते फळाच्या गराचे किंवा मासळीच्या मध्याचे तापमान, अमुक किलो माल अमुक तापमानाला आत गेल्यापासून अमुक तासांत. आणि त्यासोबत चोवीस तासांत किती युनिटे जळली याचा आकडा, खोलीसाठी बसविलेल्या स्वतंत्र मीटरवर वाचलेला. वरील आंब्याच्या खोलीला पंख्यांसह दिवसाला वीस ते पंचवीस युनिटे लागणे वाजवी ठरेल. चाळीस लागत असतील तर कोठेतरी चूक आहे, आणि ती पैसे चुकते करण्यापूर्वीच शोधणे सोपे जाते. चाचणीचा काळही लिहावा. मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, तेव्हा मासळीच्या खोलीची मालासह परीक्षा ऑगस्टच्या आत होणे नाही. आंब्याच्या खोलीची एप्रिलपूर्वी करून उपयोग नाही. जानेवारीतल्या कोरड्या, थंड पहाटे रिकाम्या खोलीची घेतलेली चाचणी यंत्र चालू होते एवढेच सिद्ध करते. म्हणून किमतीचा काही भाग हंगामातील पहिल्या भरलेल्या आठवड्यापर्यंत राखून ठेवण्याची अट सुरुवातीलाच घालावी लागते. यंत्र बसल्यानंतर ती घालता येत नाही.